परळची रणरागिणी

संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहाचे दिवस. लालबागच्या दूधकेंद्रापुढे रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी आणि तिची तरुण शेजारीण उभ्या होत्या. दुधाची गाडी आली नव्हती, त्यामुळे ऐकण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं.

"भागीरथीकाकी, उद्या बायकांच्या तुकडीपुढे तुम्हीच चालायचं. तुम्ही असलात तरच आपल्या चाळीतल्या बायका बाहेर पडतील."

"मीच कशाला गो, बकुळा?"

"तीस सालचा तो मासिकाचा अंक सासूबाईंनी अजून ट्रंकेत जपलाय. 'परळची रणरागिणी! एका मुसळाने पाच दरोडेखोर लोळवले!'"

"दरोडेखोर कसले? माझा दीर होता तो."

"पाच दीर?"

"एकच. पहाटे बोटीने गावाहून आला, खांद्यावर गोणी. मला वाटला चोर. भीतीने हातातलं मुसळ सुटलं ते त्याच्याच पायावर."

"मग पाच कुठून आले?"

"गोणीत पाच फणस होते. मासिकाचा बातमीदार आला, पोटभर गरे खाल्ले, आणि जितके फणस तितके दरोडेखोर छापून मोकळा झाला. आता सांग, अशी घाबरट बाई पुढे ठेवणार?"

"म्हणजे काकी, पराक्रम छापून झालाय. करायचा तेवढा राहिलाय."

दुधाची गाडी आली आणि रांग थोडी पुढे सरकली.

"किती वाजता जमायचं?"

"आठला. मुसळ आणताय?"

"सत्याग्रहाला मुसळ? फणस आणते चार-पाच. चौकीत बसवून ठेवलं तर पोरींना भूक लागेल."

"एकच आणा, काकी. उद्या बातमीदारही येणार आहेत."