टक्के नव्हेत ते

नाही नाही, वहिनी, टक्के नव्हेत ते — टक्के विसरा तुम्ही. पर्सेंटाइल. शब्द सारखा वाटतो ना, तिथेच सगळ्यांची गफलत होते. बसा, ती खुर्ची ओढा, कॅरम बोर्ड सरकवा जरा — मंडळाची खोली आहे, असंच असतं इकडे. हां. तर तुमच्या रुचिराला सीईटीला त्र्याऐंशी म्हणजे शंभरातले त्र्याऐंशी मार्क नाहीत. शंभर पोरं बसली असतील तर त्र्याऐंशी तिच्या बरोबरीने किंवा मागे, आणि सतरा पुढे. सतराच ना, असं वाटतं. पण शंभरच कुठे बसतात? अख्ख्या महाराष्ट्रातून बसतात. समजा तीन लाख धरा — आता करा हिशेब. एक्कावन्न हजार. एक्कावन्न हजार पोरं रुचिराच्या पुढे उभी आहेत, आणि सरकारी कॉलेजातल्या जागा... जागांचं नंतर सांगतो. पाणी घ्या.

बारावीचे मार्क? ते वेगळे, ते बोर्डाचे. ते फक्त दारातून आत सोडण्यापुरते — ठरलेल्या टक्क्यांच्या वर असले की बास, मग पंचावन्न असोत नाहीतर पंच्याऐंशी. इंजिनीअरिंगचा नंबर लागतो तो सीईटीवर. आणि सगळ्यांना एकच पेपर असतो असंही नाही हां. सकाळचा वेगळा, दुपारचा वेगळा, असं कित्येक दिवस चालतं. कुणाला सोपा येतो, कुणाची वाट लागते. म्हणून नुसते मार्क नाही बघत — तुमच्याबरोबर त्या पेपराला बसलेल्यांत तुम्ही कितवे, ते बघतात. न्याय आहे त्यात. कागदावर तर एकदम झकास न्याय आहे. आता समजा एक मुलगी आहे, हुशार, इथेच भटवाडीत राहणारी, बोर्डाला पंच्याऐंशी टक्के. तिला सकाळचा पेपर आला, फिजिक्स कठीण. तिला पर्सेंटाइल पडले अठ्ठ्याऐंशी. घरच्यांनी ऐकलं अठ्ठ्याऐंशी आणि — काय? हो. ओळखीची आहे मुलगी. आमचीच. दीप्ती.

म्हणजे बोर्डाला पंच्याऐंशी आणि सीईटीला अठ्ठ्याऐंशी, तर आम्हाला काय वाटणार? वाढले! मी मुलुंडला गोदामात ड्यूटीवर होतो, औषधांच्या गोदामात सुपरवायझर आहे मी, सुगंधाचा — मिसेसचा — फोन आला, अठ्ठ्याऐंशी आले म्हणून. मी तिथल्या तिथे ओरडलो. माथाडी पोरं पण धावत आली, मला उचलायलाच निघाली होती. येताना पेढे घेतले. बिल्डिंगमध्ये एक दार सोडलं नाही, ज्यांच्याशी बोलणं बंद होतं त्यांना पण दिले. मग रिक्षा करून चेंबूरला, आईकडे. माझी आई म्हणजे — बाबा मिलमध्ये होते, संपात घरी बसले ते बसलेच, हिने डबे करून आम्हाला वाढवलं. तिने दीप्तीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, ‘माज्या घराक इंजिनेर इलो गो बाय!’ मला वाटतं तेवढा आनंद आमच्या घरात माझ्या लग्नात पण झाला नव्हता. आणि दीप्ती नुसती हसत होती. पेढा हातात तसाच. मी म्हटलं, दमली असेल.

तिला माहीत होतं. पोरांना सगळं माहीत असतं, वहिनी, कॉम्प्युटरवर आकडा दिसतो तेव्हाच त्यांना कळतं आपण कुठे आहोत. रुचिराला पण माहीत असणार. घरी काही बोलली का ती? ...नाही ना? बघा.

मग कॉलेजांच्या यादीची फेरी झाली, पहिली, दुसरी — नाव कुठेच नाही. जिथे लागत होतं ते कर्जतच्या पण पुढे, आणि शाखा अशी की ती म्हणाली, बाबा, मला हे नकोय. मी चिडलो. म्हटलं, अठ्ठ्याऐंशीला प्रवेश देत नाहीत, हा कुठला न्याय, मी जातो वर तक्रार करायला. तर जिन्यात तिसऱ्या माळ्यावरचा आकाश भेटला, तो शिकलाय इंजिनीअरिंग. त्याने तिथे पायरीवर उभं राहून मला समजावलं, जे आता मी तुम्हाला समजावलं तेच. ‘काका, अठ्ठ्याऐंशी म्हणजे तसे अठ्ठ्याऐंशी नाही.’ मी ऐकतोय आणि मला आठवतायत ती सगळी दारं. एकेक दार. सांगू का, मला पोरीचं वाईट नंतर वाटलं. आधी माझंच वाटलं. म्हटलं, आपण अडाणी, म्हणून आपल्याला कुणीही फिरवतं. आता नाही फिरवणार. तेव्हापासून मी लागलो मागे. नियम वाचले, व्हिडिओ बघितले, मदत केंद्रावर तर मला बघितलं की तिथले लोक म्हणायचे, आले काका. आज घाटकोपरमधून आई-वडील येतात माझ्याकडे, चेंबूरहून येतात, परवा बोरिवलीहून एक जोडपं आलं होतं. एक पैसा घेत नाही मी. समजावून सांगतो. समजायला पाहिजे ना!

दीप्तीचं म्हणत होता का तुम्ही? हां, पुढे काय — तर मी सगळं समजून घेतलं आणि तिला सांगितलं, बाळा, तुझा दोष नाहीये, तुला सकाळचा पेपर आला, एवढंच. एक वर्ष थांब. परत दे. तिचं बीएस्सीला नाव लागलं होतं, बॉटनी. तिला झाडांचं वेड पहिल्यापासून. शाळेत असताना रविवारी आरेच्या जंगलात जायची मैत्रिणींबरोबर, येताना पिशवीतून शेंगा, बिया, पानं — सुगंधा वैतागायची, घर आहे की रान. फी भरायच्या आदल्या दिवशी मी तिला समोर बसवलं आणि गणित मांडून दाखवलं. बॉटनी करून पुढे काय? आणि इकडे, फक्त काही मार्कांचा फरक. प्रत्येक मार्काला किती हजार पोरं मागे पडतात ते काढून दाखवलं. गणित बरोबर होतं माझं. आजही बरोबर आहे. ती म्हणाली, बरं.

ते वर्ष... अभ्यास केला तिने. कुणी म्हणू नये केला नाही. दर रविवारी सराव परीक्षा, संध्याकाळी आम्ही दोघं बसायचो, मी तिला दाखवायचो, हे बघ, या प्रश्नात तू कुठे घसरलीस, तुझ्यासारखी पोरं कुठे पुढे जातात. इतका वेळ आम्ही आयुष्यात कधी एकत्र बसलो नव्हतो. मला तर बरं वाटायचं, खरं सांगतो. गोदामातून कधी एकदा घरी येतो असं व्हायचं. सुगंधा म्हणायची, तिला जरा बाहेर जाऊ द्या, तोंड बघा तिचं. मी म्हणायचो, एक वर्षाचा तर प्रश्न आहे. मैत्रिणी यायच्या बंद झाल्या, त्यांची कॉलेजं सुरू झाली होती ना. केस गळायला लागले. डॉक्टर म्हणाले, ताण आहे. म्हटलं, असणारच, परीक्षा आहे.

दुसऱ्या वेळी एक्क्याऐंशी.

हो. कमी. सात कमी. आणि मी — आता बघा, कुठल्याही बापाने काय केलं असतं? समजूतच घातली असती ना? मी तेच केलं. बाजूला बसलो आणि तिला सांगायला लागलो की बेटा, पर्सेंटाइल कमी झालं म्हणजे तू खाली गेलीस असं नाही, यंदा पुन्हा देणारी पोरं किती आहेत बघ, तुझा पेपर कुठला होता बघ — मी चांगलं समजावत होतो, अगदी मन लावून. तिने मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, ‘बाबा, तुम्हाला काही कळत नव्हतं ना, तेव्हा तुम्ही पेढे वाटले होते.’

एवढंच. ओरडली नाही, रडली नाही. मी म्हटलं, म्हणजे काय? तर उठली आणि भांडी घासायला गेली.

आता चेंबूरला असते, आईकडे. तिथल्या एका केमिस्टच्या काउंटरवर बसते. कॉलेज नाही. बॉटनीचं विचारलं मी, वहिनी, मी स्वतःहून विचारलं, म्हटलं जा आता, घे अॅडमिशन. म्हणाली, ‘आता नको.’ आरेत पण जात नाही. रागावलेली वगैरे नाहीये हां, तसं काही नाही. मी गेलो की चहा करते, विचारते, गोदामात कसं चाललंय, गुडघा कसा आहे. पाहुण्याला विचारतात ना, तसं. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा जेवत होती. मी म्हटलं, अगं डिप्लोमाचा रस्ता आहे अजून, तिथून थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि त्याचं गणित असं — तिने हात थांबवला. ताटाकडे बघत राहिली. आई आतून आली आणि म्हणाली, ‘चंदू, पुरे झाला रे. चेडवाक जेवूक दी.’ माझी आई. जिला टक्के पण कळत नाहीत.

सुगंधा शनिवारी जाते तिला भेटायला. एकटीच जाते. माझ्या खोलीत — या खोलीत, मंडळाच्या — तिने कधीच पाय ठेवला नाही. म्हणते, लोकांना काय ते सांगा, मला नका सांगू. घरात आता आवाज टीव्हीचाच. पण मी येतो. दर रविवारी येऊन बसतो. कारण लोकांना समजायला नको का? कुणीतरी सांगायला नको?

तर रुचिराचं. त्र्याऐंशीला मुंबईत सरकारी विसरा. खासगीत लांबची दोन-तीन निघतील, शाखा पडेल ती घ्यावी लागेल. नाहीतर वर्षभर थांबायचं, पुन्हा द्यायची — त्यात वाढतातच असं नाही, ते मी तुम्हाला सांगितलंच. तिला काय आवडतं? ...ते विचारलंच नाहीत? नाही, बरोबर आहे, आकड्यांच्या नादात राहून जातं. विचारा. विचारून तरी काय करणार म्हणा. रडू नका, वहिनी. बाहेर माणसं बसलीत.

काय म्हणालात?

नाही, ऐकलं मी. समजून घेऊन तुम्हाला काय मिळालं, असंच म्हणालात ना?

वहिनी, तुम्ही या आता. दार उघडंच ठेवा. आणि बाहेर ते जोडपं बसलंय ना, त्यांना आत पाठवा.