लुबर्टचा बोरू

— नाही, नाही, तिथे पाय ठेवू नका बाई, फळीवरच उभ्या राहा! काठ वाटतो तो, पण उपसलेला ओला गाळ आहे — कमरेपर्यंत जाल आणि तुमच्या निसर्ग खात्याला उत्तरं मी देत बसेन. खोली मोजायला आलात ना? मोजा की. आमच्या आजोबांनी चुलीत जाळायला इथलीच कुजलेल्या मुळांची माती काढून वाळवली, खड्ड्यांची तळी झाली. बापाच्या वेळेपर्यंत त्यांवर बोरूचं उंच गवत माजलं, तळी बुजली. आता मी पोकलेन लावून ती परत उघडतोय — कशासाठी, तर पाण्यावर भिरभिरणाऱ्या चतुरांसाठी! किड्यांसाठी! हसू नका, तुमच्याच कागदात लिहिलंय.

काय म्हणालात? तुकडा कोणाचा होता? — लुबर्टचा. माझा धाकटा भाऊ. बाप गेला तेव्हा घर मला आणि बोरू कापायचा हक्क त्याला, जमीन तर तुमच्या खात्याचीच. घर काय हो, चार भिंती! बोरू मात्र — तेवीस हिवाळे कापला त्यानं, अर्ध्या गिठोर्न गावाची छपरं त्याच्या पेंढ्यांनी शाकारलीत. पण मेलेला होता हा तुकडा, हो, शेवाळ चढून घट्ट झालेला. तुमच्या साहेबांनीच पाहिला. परीक्षा सोपी असते आमच्याकडे — मधोमध उडी मारायची. वीस पावलांवरचा बोरू डुलला तर मुळांचा थर पाण्यावर तरंगतोय, जिवंत आहे, हात लावायचा नाही. नाही डुलला तर खोदा. साहेबांनी विचारलं, कुठे खोदायचं, तर मीच आणलं त्यांना इथे. दोनदा उडी मारली त्यांनी. एक पातं हललं नाही.

जानेवारीत. — हो, जानेवारीतच आणलं. थंडी होती... थंडी म्हणजे, पोरं तळ्यावर घसरत होती बर्फावरून. साहेब शहरातले, त्यांना काय कळणार की गोठल्यावर सगळंच घट्ट लागतं? आम्हाला कळतं. इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

बघू नका असं माझ्याकडे! पहिलं फावडं वर आलं तेव्हाच दिसलं मला — जेमतेम हातभर थर, खाली मोकळं पाणी, आणि मुळं कशी पांढरीशुभ्र. थांबता आलं असतं. नाही थांबलो. नऊ दिवस खोदलं. तेवीस वर्षं ऐकलंय मी बाई, लुबर्टचा बोरू, लुबर्टचा बोरू — वोल्टरचं काय आहे म्हणून कुणी विचारलं कधी?

आणि तो? शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. माझा हात धरून म्हणाला, "वोल्टर, चूक माझीच. हिवाळ्यात ताजं पाणी आत सोडायचा कंटाळा केला, शेवाळ चढलं, माझ्याच हातानं मारला मी." उडी कुठल्या महिन्यात मारली ते त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तिकडे झ्वोल शहरात गोदामात खोकी उचलतो आता. बायकोला सांगतो, पोरांना सांगतो — माझ्याच हातानं. दर रविवारी माझ्याकडे कॉफीला येतो आणि मलाच सांगतो. मी बिस्किटांचा डबा पुढे करतो.

वही मिटा ती. — त्याला सांगा म्हणता? सोपं आहे होय! परवा रविवार आहे, तुम्हीच या, माझ्या स्वयंपाकघरात बसा त्याच्यासमोर आणि सांगा, बघू तोंड उघडतंय का. — निघालात? जा, बाई. मला पलीकडच्या तुकड्यावर मशीन सुरू करायचंय.