अंबत्तूरची भाकरी

चेन्नईत, वेस्ट मांबलमच्या दवाखान्यात तनया बाळाला मांडीवर घेऊन नंबराची वाट पाहत होती. मागच्या बाकावरून मराठी कानावर आलं आणि बाळाला थोपटणारा तिचा हात थांबला.

“मंगळवेढं सोडताना म्हणाला होतात, भाकरीचं यंत्र झालं की परत जाऊ.”

“होतंय गं, अर्चना. काल स्प्रिंग तुटली, तर शेजारच्या शेडमधल्या गिरिधरनं चहा संपायच्या आत नवी वळून दिली. गावी त्यासाठी पुणं गाठावं लागायचं.”

“मग अडलंय कुठं?”

“रोज तीच चाखून माझी जीभ बोथट झालीय; भाकरी जमलीय का, तेच कळेना. गिरिधर म्हणतो, सूपर, सांबाराबरोबर झकास!”

“अहो, तो डोसेवाला! त्याला काय विचारता?”

“मग तू सांग.”

“मी ठाण्याची चपातीवाली. आई इथं असत्या, तर पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं असतं.”

“तेच तोंड रोज आठवतं बघ. अंबत्तूरच्या अख्ख्या औद्योगिक वसाहतीत चूक काढणारं कुणी नाही.”

नर्सबाईंनी तमिळमध्ये बाळाचं नाव पुकारलं. तनया उठली, पण आधी मागे वळली.

“दादा, मी बार्शीची. इथं आल्यापासून भाकरी तोंडात पडली नाही. कधी येऊ?”