अस्वल आठ पाव भाजत नाही

हॅलो?… हॅलो… हं ताई, बोल… नाही, झोपले नव्हते. आवाज असाच झालाय… सर्दी नाही गं.

हो, झाली परीक्षा. सकाळीच जाऊन आलो शाळेत… कशी म्हणजे… थांब, दार लोटून घेते. चिमी आतल्या खोलीत आहे.

हं, बोल… देतायत प्रवेश, पण चौथीत नाही. दुसरीत… दुसरीत, ताई! एवढी उंच झालेली पोर… अगं मला कसं चालेल? पण मला विचारतंय कोण?

वाचन? वाचनात पैकीच्या पैकी. परीक्षा घेणाऱ्या बाई तर खूशच झाल्या. म्हणाल्या, हिला ही गोडी लावली कुणी? मी आपली फुगून बसले. मग गणिताचा कागद पुढे आला… अगं ऐक ना, मध्ये बोलू नकोस, नाहीतर मला सांगताच यायचं नाही.

सतरा वजा नऊ. बास, एवढंच. चिमी नुसती बघत बसली. बाई म्हणाल्या, कर बाळा. तर ही विचारते, "सतरा काय?"… हो, "सतरा काय? कोणाचे?" बाईंना कळेचना. म्हणाल्या, कोणाचे नाहीत गं, आकडा आहे तो. तर म्हणते, "मग नऊ कोण नेतं?"

हसलीस ना? बाईसुद्धा हसल्या. मीही हसले… आणि हिचं तोंड एवढंसं झालं. मान खाली घातली ती घातलीच. पेन्सिलीला हात लावला नाही. "राहू दे बाळा," म्हणाल्या बाई. इतक्या गोड आवाजात की काय सांगू! खेकसल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

नाही गं, घाबरली नव्हती. मलाही आधी तसंच वाटलं. म्हणून घरी आल्या आल्या पुस्तक काढलं, अस्वलाच्या बेकरीचं… तेच, तू आली होतीस तेव्हा वाचून दाखवत होती… हो हो, शेळीबाईचा आवाज काढून. म्हटलं, सांग, अस्वलाने सात पाव भाजले, शेळीबाईने तीन नेले, उरले किती? चार! माझं वाक्य संपायच्या आत. म्हटलं बरं, आता समज, त्याने आठ भाजले…

पान उघडून पावांवर बोट ठेवलं, म्हणते, "आठ नसतात आई. सातच असतात." म्हटलं, आज एक जास्त भाजला असं समज. तर रडायलाच लागली! "तो आठ भाजत नाही. तुला गोष्ट नीट येत नाही!"

कळलं का तुला?… तिला गोष्ट पाठ आहे, ताई. सगळी पुस्तकं पाठ आहेत, पानापानासकट. आणि मी शेजारणीला बोलावून दाखवायचे, बघा, पोर कशी झरझर उत्तरं देते!

पुस्तकांना कशाला नावं ठेवू? माझ्या जावेची मुलं तीच वाचून शिकली. ती दर गोष्टीनंतर खडे घेऊन बसायची मुलांना, सातचे आठ करायची, दहा करायची. मी गोष्ट वाचायचे, चिमी खुदकन हसायची, मला वाटायचं, समजलं हिला. लगेच पुढची गोष्ट… माझी चूक नाही? तू असं म्हणणारच गं, बहीण आहेस.

हे? दाराशी उभं राहून सगळं ऐकलं, बूट घातले आणि कामावर गेले… नाही ना, एक शब्द नाही. बोलले असते तर मी म्हटलं असतं, त्या जुन्या शाळेतून काढून घरी शिकवली नसती तर काय केलं असतं? फळ्याशी उभी करून सगळ्या वर्गाला हसवायचे तिच्यावर… तेच तर. वर्ग हसतो म्हणून काढली मी तिला. आणि आज तिच्यासमोर मीच हसले, ताई…

हं… हं… शाळा कधीपासून?

सोमवारपासून जायचंय… सांगितलं ना, जेवताना सांगितलं. म्हटलं, लहान मुलांबरोबर बसावं लागेल हं थोडे दिवस. तर विचारते, "मोठी मुलं कुठे असतात?" म्हटलं, वरच्या मजल्यावर. "मग त्यांना मी दिसणार नाही," म्हणाली आणि जेवायला लागली… बघ ना!

बोलतेस तिच्याशी? थांब हं… चिमे! मावशीचा फोन आहे, ये… चिमे?… नाही येत म्हणते. अभ्यास करतेय म्हणे… पाढे. जेवण झाल्यापासून तेच चाललंय. थांब, दार उघडते… ऐकू येतंय?… हो, तीच. नाही, रडत नाहीये. असाच लागलाय आवाज, सपाट. शेळीबाई नाही की कोणी नाही.

मघाशी जवळ जाऊन बसले होते गं. म्हटलं, सहाच्या पाढ्याला मुंगीच्या पायांची गोष्ट सांगू का? चांगली सुचली होती मला. तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिने. म्हणाली, "नको. गोष्टीने चुकतं माझं."

…

हो. असंच म्हणाली.

ताई, तू नको ना रडूस आता… बरं, ठेवते. अडकलीये ती, सहा सत्तेला. हाक मारते का बघू… नाही मारली. ठेवते गं.