परतीची तारीख

सांगायचं नव्हतं खरं तर – वकीलबाईंनी बजावलंय, कचेरीबाहेर बाकावर बसून केसबद्दल कुणाशी बोलायचं नाही – पण तुम्ही विचारलंत, आणि इथे दुसरं करायला तरी काय आहे, भिंतीवरचं 'शांतता राखा' वाचून झालंय माझं. तर माझा भाऊ. सहा वर्षांचा. बाबा त्याला पंधरा दिवस परदेशात फिरायला घेऊन गेले, त्याला सात महिने झाले. भलताच लांबला पंधरवडा, नाही का? पळवलं म्हणायचं नाही हं – 'तो इथे रमलाय' म्हणायचं. बाबा फोटो पाठवतात ना पुराव्याला, आइस्क्रीमसकट. वकीलबाई म्हणतात, दोन्ही देशांचा करार आहे, मूल आधी परत, आईबाबांची भांडणं मग. आणि काम तातडीचं. म्हणून तर ही आमची चौथी फेरी.

तुमची नात नेलीय? सुनेनं? अरेरे. मग आजी, तुमच्या मुलानंही संमतीचं पत्र दिलं होतं का? आमचं घोडं तिथेच अडलंय. मुलाला एकट्या बापाबरोबर विमानात बसवायचं तर आईच्या सहीचं संमतिपत्र लागतं. ते बाबांनी माझ्याकडून लिहून घेतलं – अक्षर बरं आहे माझं, तेवढंच काय ते – आणि त्यात परतीची तारीखच नाही. आता तिकडच्या कोर्टात त्यांचे वकील म्हणतात, तारीख नाही म्हणजे कायमची परवानगी! केवढी ती अक्कल. आणि आई म्हणते, तुझं अक्षर बघून मी न वाचता सही केली. रोज म्हणते. जेवताना. अगदी प्रेमानं.

पण मी तारीख लिहिली होती. खरंच. पहिल्या कागदावर. बाबा म्हणाले, तिकिटाचं नक्की नाही, दुसरा लिही, आईला उगाच टेन्शन नको – लिहिला मी. विचारलं काही? छे, मी कुठे काय विचारते! विमानाला दोन दिवस होते अजून – दोन दिवस पुरतात हो, एक वाक्य बोलायला. तो पहिला कागद आहे माझ्याकडे. हा बघा – तारखेवर रेघ मारलीय ना, ती बाबांच्या पेनाची. वकीलबाईंना असंच काहीतरी लेखी हवंय. पण दिला की आईला कळणार, मला तेव्हाच – नाही, रडत नाहीये, पंखाच धुळकट आहे इथला – तर आज आत गेले की हा सरळ टेबलावर –

हो आई, आले! नाही गं, कुठे काय, आजींना वेळ सांगत होते. हातात? हा होय, हा –