डबा रिकामा कसा द्यायचा

(पेण. चर्चमागची खोली, ऑक्टोबरातली बुधवारची दुपार. एका भिंतीला धान्याच्या पिशव्या, दुसरीला फायली. एस्तेरबाई बँकेतून निवृत्त झालेल्या. रंभा जवळच्या जोहे गावात मूर्तींच्या कारखान्यात गणपती रंगवते; नवरा पुंडलिक पाय मोडून घरी.)

एस्तेरबाई : म्हणजे डबा रिकामा होता, म्हणून तू दोन बुधवार आलीच नाहीस?

रंभा : मग काय तोंड घेऊन येऊ? लोकाचा डबा रिकामा कसा द्यायचा, बाई? आमच्यात नाय चालत.

एस्तेरबाई : अगं, ज्याच्या घरात दाणा नाही त्याच्यासाठी आहे हे धान्य. यात परतफेडीचं कलम नाही. मागे आम्ही तुला पोहे दिले, तर तू त्याचेच पापड लाटून आणलेस.

रंभा : बरे नव्हते झाले?

एस्तेरबाई : फार बरे झाले होते, तीच तर पंचाईत. बायजाबाई डाळ नेते, लोणचं आणते. काशीबाई तांदूळ नेते, सुकट आणते. मुंबईहून माल तपासायला एक साहेब आले होते. म्हणाले, तुम्ही धान्य वाटता की दुकान काढलंय? मी म्हटलं, साहेब, वाटतोच आम्ही. पण पेणच्या बायकांना.

रंभा : हसू नका. त्या आठवड्यात घरात मिठाशिवाय काय नव्हतं. मीठ घालून डबा दिला असता तर तुमी काय म्हटलं असतं?

एस्तेरबाई : मीठ संपलंच होतं इथलं. असो. तू आली नाहीस, पण तुझं पत्र आलं. कर्जाच्या कंपनीचं.

रंभा : वसुलीचं?

एस्तेरबाई : मंजुरीचं. हप्ता निम्मा केलाय. पुंडलिकचा पाय सांधेपर्यंत आणि मूर्तींचं काम पुन्हा सुरू होईपर्यंत. आणि इथून पुढे तुझा हप्ता चुकला, तर कर्जाच्या गटातल्या बाकीच्या चौघींकडून मागायचा नाही.

रंभा : चौघी सुटल्या?

एस्तेरबाई : सुटतील. आज पाचच्या आत त्यांच्या कचेरीत सह्या झाल्या तर. शेवटचा दिवस आहे, आणि साडेतीन वाजलेत.

रंभा : बाई, तो वसुलीवाला सकाळपासून आमच्या पडवीत बसायचा. आतमधी पुंडलिक प्लास्टरचा पाय घेऊन पडलेला, पण लाजेनं खोकायचा नाय. तुमी कसं काय जमवलंत हे?

एस्तेरबाई : तीस वर्षं बँकेत अशाच नोटिसा लिहिल्या मी. आता त्यांना उत्तरं लिहिते. भाषा तीच, फक्त 'अन्यथा' हा शब्द त्यांच्याकडे तोंड करून ठेवायचा.

रंभा : तुमचे उपकार...

एस्तेरबाई : ते सवडीनं. सह्या दोन लागतात. एक तुझी, एक गटातल्या कुणाची तरी. लाव फोन.

रंभा : बाकीच्या तिघी भातकापणीला गेल्यात, त्यांचे फोन घरी. उरली अनिता.

एस्तेरबाई : मग अनिताला लाव.

रंभा : तिला नको. माझे दोन हप्ते तिनंच भरले, शिलाईचं मशीन विकून. महिना झाला, बोलत नाय. बोरिंगवर दिसली मी, तर अर्धाच हंडा उचलून चालायला लागते.

एस्तेरबाई : अर्धा हंडा नेणाऱ्या बाईला अजून राग आहे. राग आहे म्हणजे फोन उचलेल.

रंभा : आणि सही झाली तर बोलेल ती माझ्याशी?

एस्तेरबाई : ते पत्रात लिहिलेलं नाही. स्पीकरवर ठेव.

अनिता : कोण?

रंभा : मी गो. रंभा. फोन ठेवू नको.

अनिता : हप्ता भरलास?

रंभा : चर्चमधून बोलते.

अनिता : बाटलीस शेवटी?

रंभा : नाय गो. इथं सह्यांशिवाय काय घेत नाय. ऐक. माझा हप्ता तुमच्यावरून उतरतोय, लेखी. पण पाचच्या आत कचेरीत तुझी सही लागते. माझ्यासाठी नको करू. तुझ्या डोक्यावरचं उतरेल, तेवढ्यासाठी ये.

अनिता : माझं मशीन परत येणार काय?

रंभा : सहीनं नाय येणार. कारखाना सुरू झाला की माझी पहिली मजुरी तुझ्या हातावर. पुंडलिकला पण सांगून ठेवलंय.

अनिता : मी वडखळला हाय. बाजारात.

रंभा : म्हणजे नाय जमणार.

अनिता : तसं म्हटलं काय मी? कायम अर्धं ऐकतेस. कर्ज घेताना पण अर्धंच ऐकलंवतंस.

रंभा : अनिता...

अनिता : रडू नको. कचेरी कुठं हाय?

एस्तेरबाई : एसटी स्टँडच्या मागे, पहिल्या मजल्यावर. आधार कार्ड लागेल.

अनिता : ह्या कोण?

रंभा : एस्तेरबाई. ह्यांनीच पत्र लिहिलं.

अनिता : बाई, तिला आधी कायतरी खायला घाला. घरी नवऱ्याला वाढून स्वतः जेवली म्हणून सांगते ती. दरवेळचं हाय.

एस्तेरबाई : घालते.

अनिता : आणि रंभे, स्टँडवर सावलीला उभी राहा. ऊन लागलं की तुझं डोकं धरतं, मग दोन दिवस उठत नायस. मी रिक्षा बघते.