पाच तारे

दर्यापूरच्या मिरची कांडायच्या गिरणीत माझा नंबर अकरावा होता. पुढच्या बाकावर एक काकू मिरचीची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारी त्यांची पुतणसून चंदा, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात चकचकीत डबा. काकूंनी झाकण उघडून तळाशी उरलेलं तिखट हुंगलं.

“चंदे, हे तिखट हाय का कुंकू? वासच नाई याले!”

“मोबाइलवरून मांगवलं, काकू. पाच तारे होते त्याले.”

“कोनं देल्ले?”

“लोकायनं. चार हजार लोकायनं.”

“अन् बाजारात तू मिरची मोडून पाह्यते, बी वाजवून पाह्यते, नाकाले लावते. दुकानदार हात जोडते तुले! इथं कावून चूप बसली?”

“मोबाइलमंदी वास कसा घेऊ?”

“मंग डब्यावरची तारीख तरी पाह्यची! मिरची कुठची, कधी दळली, काई लिवलं हाय का?”

“नाई.”

“लोकायनं काय लिवलं, वाच बरं.”

“‘लवकर आलं.’ ‘रंग झकास.’ ‘डबा नंतर साखरेले कामी आला.’”

“अवो माय! अन् चवीचं?”

“एकानं लिवलं, ‘अजून खाऊन पाह्यलं नाई.’”

“त्यानं किती देल्ले?”

“पाच.”

“आग लागो त्याच्या ताऱ्यायले! तू लिव आता, भाजीले नुस्ता रंग येते, तिखट लागतच नाई. एकच तारा दे.”

“माह्ये देऊन झाले, काकू.”

“किती?”

“पाच. आल्या आल्याच देल्ले.”

“कावून वं?”

“झाकण पाहा ना, किती घट्ट बसते. आजचं तिखट न्यायले हाच डबा आणला.”